हँडब्रेक ओढलेलाच राहिला आणि तीन किलोमीटर ट्रॅक्टर चालवला. काय काय तपासू?

पाटावरची | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आज सकाळी माझ्या हातून चूक झाली. ट्रॅक्टरचं किती नुकसान झालं ते अजून कळलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही वाळवा तालुक्यातले. नवरा नोकरीसाठी चाकणला, शेती मी आणि मामंजी बघतो. ट्रॅक्टर २००९ सालचा, ४० एचपीच्या आसपासचा. दोन वर्षांपूर्वी मी चालवायला शिकले. नांगरट, रोटर, ट्रॉली सगळं करते.

घरापुढं उतार आहे, त्यामुळं ट्रॉली भरताना हँडब्रेक ओढलेला असतो. आमच्या ट्रॅक्टरला दोन्ही पायडल दाबून खटका ओढायचा असतो, तो दातेरी पट्टीत अडकतो. आज शेणखताची ट्रॉली भरली. सेल्फ मारला, गेअर टाकणार तेवढ्यात ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याची कडी निघालेली दिसली. उतरून ती लावली. पाटाची पाळी कधी येणार हे विचारायला शेजारचे आले, त्यांच्याशी दोन मिनिटं बोलले, परत चढले आणि निघाले. खटका सोडायचा राहिला.

गल्लीतून लो तिसऱ्यात, म्हणजे कमी वेगाच्या गटातल्या तिसऱ्या गेअरात गेले, तिथं काहीच जाणवलं नाही. पाटाच्या रस्त्याला लागून हाय दुसरा टाकला तेव्हा इंजिन दबल्यासारखं वाटलं, धूरही जरा काळा होता. खत ओलं आहे, वजन जास्त असेल, असं धरून चालले. मामंजी मागून मोटारसायकलवर येत होते. पुलाजवळ त्यांनी हात करून थांबवलं. डाव्या बाजूनं, मडगार्डच्या खालून धूर येत होता आणि जळका वास होता. तेव्हा खटका दिसला.

इंजिन बंद केलं. शेजारच्या मळ्यातले एक जण घागर घेऊन पाणी ओतायला आले, मी ओतू दिलं नाही. दोन तासांनी थंड झाल्यावर लो पहिल्यात हळू घरी आणला. ब्रेक लागतो, पण उजवीकडं ओढल्यासारखं वाटतं.

प्रश्न दोन. काय तपासू? आणि मामंजींनी फर्मान काढलंय की आजपासून हँडब्रेक ओढायचाच नाही, गेअरात टाकायचा आणि चाकाला दगड लावायचा. ते ४० वर्षं शेती करतात, त्यांचा शब्द मी सहज मोडत नाही. पण हे मला पटत नाहीये. तुमचं काय म्हणणं?

जुना वर्कशॉप | शनिवार, रात्री १०:१५

ताई, पाणी ओतू दिलं नाहीत हे फार चांगलं केलंत. तापलेल्या बिडावर, म्हणजे ओतीव लोखंडावर, गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. मग डिस्कच्या खर्चाऐवजी ब्रेकच्या घराचा, म्हणजे बाहेरच्या बिडाच्या आवरणाचा, खर्च येतो.

आधी एक सांगा. ब्रेक ड्राय आहेत की ऑइलमधले? पुढचं सगळं त्यावर आहे.

पाटावरची | शनिवार, रात्री १०:२२

ड्राय डिस्क. पुस्तिकेत बघून सांगतेय.

जुना वर्कशॉप | शनिवार, रात्री ११:०५

मग नीट सांगतो. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली, आणि घरचे ट्रॅक्टर हातानं उघडलेत.

ट्रॅक्टरचा ब्रेक थेट मागच्या चाकावर नसतो. डिफरन्शियलमधून, म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गेअरमधून, जो शाफ्ट निघतो त्याच्यावर, म्हणजे बुल पिनियनच्या शाफ्टवर असतो. त्याच्यापुढं फायनलचा, म्हणजे चाकाआधीचा शेवटचा मोठा गेअर आणि मग चाक. चाकाचा एक फेरा होईपर्यंत तो शाफ्ट कितीतरी फेरे मारतो. त्यामुळंच एवढ्याशा डिस्कनं एवढं मोठं चाक धरता येतं. आणि त्यामुळंच ब्रेक लागलेला असताना चालवलं की डिस्क चाकाच्या कितीतरी पट वेगानं घासली जाते.

डिस्कांच्या मधोमध दोन लोखंडी चकत्या असतात, त्यांच्यामध्ये उतरत्या खोबणीत गोळ्या. पायडल दाबलं की चकत्या एकमेकींवर सरकतात, गोळ्या खोबणीत चढतात आणि चकत्या बाहेर फाकून डिस्कच्या लायनिंगवर, म्हणजे घासणाऱ्या थरावर, दाबतात. शाफ्ट फिरत असेल तर तो चकत्यांना आणखी ओढतो, म्हणजे ब्रेक स्वतःच स्वतःला घट्ट करतो. तुमच्या बाबतीत हे तीन किलोमीटर चाललंय.

लो तिसऱ्यात कळलं नाही यात तुमचं लक्ष नव्हतं असं म्हणता येणार नाही. लो मध्ये इंजिनाचा जोर इतका वाढलेला असतो की अर्धवट लागलेला ब्रेक तो ओढून नेतो. हाय टाकल्यावर जोर कमी पडतो आणि तेव्हा कुठं इंजिन कुरकुरतं. बसमध्ये असं होत नाही. हवेच्या ब्रेकच्या बसला पार्किंग ब्रेक स्प्रिंगनं लागतो आणि हवेच्या दाबानं सुटतो. तो पूर्ण लागलेला असला की गाडी जागची हलत नाही, ड्रायव्हरला तिथल्या तिथं कळतं. तुमच्या खटक्याचा जोर तुम्ही पायानं जेवढा दाबला तेवढाच.

आता तपासणी. उजवीकडं ओढतोय याचा अर्थ डावा ब्रेक कमी धरतोय. धूरही डावीकडूनच होता. म्हणजे डाव्याचं लायनिंग काचेसारखं गुळगुळीत झालंय, किंवा उष्णतेनं तिथलं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी रिंग, कडक होऊन फायनलचं तेल डिस्कवर यायला लागलंय. दोन्हीही असू शकतं. उद्या सकाळी डाव्या ब्रेकच्या घराखाली बोट फिरवून बघा, तेलाचा ओलावा आहे का. असेल तर रस्त्यावर अजिबात काढू नका, मिस्त्रीला घरी बोलवा. नसेल तरी उघडायचंच, फक्त घाई नाही.

क्लचही बघायला सांगा. ब्रेक लागलेला असताना गाडी उचलली म्हणजे क्लच घासलाय. पायडलचा मोकळा खेळ, म्हणजे जोर लागण्याआधी ते जेवढं रिकामं दबतं तेवढं अंतर, पुस्तिकेतल्या मापात आहे का ते पट्टी लावून मोजा.

मामंजींच्या प्रश्नाचं उद्या लिहितो. तो साधा प्रश्न नाही.

रोखठोक | रविवार, सकाळी ६:५०

मामंजी बरोबर आहेत. २५ वर्षं ट्रॅक्टर चालवतोय, हँडब्रेक कधी ओढला नाही. गेअरात टाकला की जागचा हलत नाही. ज्या वस्तूची गरज नाही ती वापरायची, मग विसरायची, मग खर्च करायचा, हे कशाला?

काळी भुई | रविवार, सकाळी ८:३०

ताई, मी यवतमाळकडचा. आमच्या इकडं काळ्या मातीत पावसाळ्यात पायडलच्या खाली चिखल भरतो आणि वाळून दगड होतो. मग खटका सोडला तरी पायडल पूर्ण वर येत नाही आणि ब्रेक घासतच राहतो. माझी एका बाजूची डिस्क अशीच गेली, आणि मी तर हँडब्रेक लावलाच नव्हता. म्हणून खटका सोडल्यावर पायडल हातानं वर ओढून बघत जा. रिटर्न स्प्रिंग ढिली झाली असेल तर ती बदलायला जास्त पैसे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट, दोन्ही पायडल जोडणारी पट्टी लावलेली होती का? आमच्याकडं कोळपणीत पायडल वेगळे ठेवतात, तासाच्या टोकाला एका ब्रेकवर वळवायला. एकदा पट्टी न लावताच खटका ओढला गेला, तो एकाच पायडलला लागला. सकाळी उचलताना ट्रॅक्टर सरळ न जाता गर्रकन बाजूला वळला, समोर बैलं बांधली होती. मी क्लच दाबला म्हणून वाचली. त्या दिवसापासून पट्टी लावल्याशिवाय मी बांध ओलांडत नाही.

पाटावरची | रविवार, सकाळी ९:१०

पट्टी लावलेली होती. आज बघितलं, डाव्या घराखाली तेलाचा ओलावा आहे, बोटाला काळं तेल लागलं. मिस्त्री मंगळवारी येणार आहे. तोवर ट्रॅक्टर उभा.

ओढ्याकाठ | रविवार, सकाळी १०:००

रोखठोक दादा, तुमच्या २५ वर्षांचा मान ठेवून लिहितो. हे मी सहसा कुणाला सांगत नाही.

माझ्या चुलत्यांच्या ट्रॅक्टरचं हेच झालं होतं. ऊस वाहताना एकदा हँडब्रेक तसाच राहिला, डिस्क जळल्या, खर्च आला. त्यांनीही हेच ठरवलं, आता ब्रेक ओढायचाच नाही. चार वर्षं काही झालं नाही. पाचव्या वर्षी खळ्यावर सोयाबीनची पोती भरत होते. ट्रॅक्टर उतारावर, गेअरात, दगड लावलेला. पोती जसजशी चढत गेली तसं वजन वाढलं. कुणीतरी ट्रॅक्टरवर चढून पाण्याची बाटली काढताना हाय-लोच्या दांडीला धक्का बसला आणि ती न्यूट्रलला आली. दगड चाकाखालून निसटला. चुलते ट्रॉली आणि गोठ्याची भिंत यांच्यामध्ये होते.

ते आज आहेत, पण उजवा पाय गुडघ्यापासून नाही. ब्रेक त्या दिवशी ठणठणीत होता. दुरुस्त केल्यापासून कुणी वापरलाच नव्हता.

ताई, मामंजींना हे वाचून दाखवा, माझी विनंती आहे.

रोखठोक | रविवार, दुपारी १२:४०

वाचलं. वाईट वाटलं. मी राहतो ते गाव सपाट आहे, उतारावर उभा करायची वेळ कमी येते, हे लिहायला हवं होतं. चुलत्यांना नमस्कार सांगा.

जुना वर्कशॉप | रविवार, दुपारी ३:२०

आता गेअरबद्दल.

गेअरात टाकलेला ट्रॅक्टर थांबतो तो इंजिनाच्या कॉम्प्रेशनवर. सिलिंडरमध्ये दाबलेली हवा रिंगांमधून, व्हॉल्व्हमधून हळूहळू निसटते. नव्या इंजिनात हळू, जुन्यात लवकर. मग इंजिन एक पाऊल फिरतं, पुढचा सिलिंडर दाब धरतो, पुन्हा निसटतो. उतारावर भरलेल्या ट्रॉलीसकट उभा केलेला जुना ट्रॅक्टर रात्रभरात वीतभर सरकलेला मी बघितलाय. जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनात आणखी एक धोका. बंद करायची दांडी ओढून परत आत ढकलून ठेवली असेल आणि उतारानं ट्रॅक्टर जोरात ढकलला, तर इंजिन चाकांनी फिरून सुरू होऊ शकतं. धक्का मारून गाडी सुरू करतो ना, तेच.

तरीही गेअर टाकायचाच. चढाला तोंड असेल तर लो पहिला, उताराला तोंड असेल तर रिव्हर्स. पण तो ब्रेकच्या जोडीला. दगडही जोडीला, आणि गोल धोंडा नको, पाचरीसारखा कापलेला लाकडाचा ठोकळा हवा. मागं नांगर किंवा रोटर असेल तर तो जमिनीवर टेकवलेला. किल्ली खिशात. पोरं चढतात ट्रॅक्टरवर, आणि बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरना गेअरात असताना सेल्फ अडवणारा स्विच नसतो. किल्ली फिरली की तो थेट चालायला लागतो.

मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिथल्या चाचणीत पार्किंग ब्रेक १८ टक्के चढावर ट्रॅक्टर धरून ठेवतो का ते बघतात. शंभर फुटाला १८ फूट चढ म्हणजे तुमच्या माझ्या गावातल्या बहुतेक उतारांपेक्षा जास्त. ज्या खटक्याकडून एवढं काम तपासून घेतलंय तो नुसता शोभेला ठेवायचा नाही.

आणि ताई, तुमची पोस्ट मी तीनदा वाचली. तुम्ही हँडब्रेक विसरला नाहीत. तुमचा क्रम मध्येच तुटला. सेल्फ मारला, गेअर टाकणार होतात, कडी दिसली, उतरलात. परत चढल्यावर मनानं धरलं की इंजिन तर चालूच आहे, म्हणजे आधीचं सगळं झालंय. डेपोत आम्ही नव्या ड्रायव्हरांना एकच सांगायचो, एकदा खाली उतरलात की सगळं पहिल्यापासून. इंजिन चालू असलं तरी पहिल्यापासून. पायडल दाबा, खटका बघा, हातानं पायडल वर ओढा, मगच गेअर. आणि निघाल्यावर पहिल्या दहा पावलांत क्लच दाबून बघा, ट्रॅक्टर मोकळा घरंगळतो की अडखळतो. अडखळला तर थांबा.

मुळशीचा भात | रविवार, सायंकाळी ५:४५

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, शेती मुळशीला. तीन किलोमीटरमध्ये एवढं काय झालं असेल असं वाटणाऱ्यांसाठी थोडं गणित.

समजा ब्रेकनं इंजिनाच्या ताकदीतले फक्त ५ एचपी खाल्ले. ५ एचपी म्हणजे साधारण ३,७०० वॅट. घरातली पाणी तापवायची १,००० वॅटची कॉइल घ्या, तशा जवळजवळ चार कॉइल त्या बंद घरात पेटलेल्या आहेत. दहा मिनिटं चालवलं तर २२ लाख ज्यूलच्या वर उष्णता. ती २० किलो लोखंडात मुरली असं धरलं तर तापमान २३० अंशांनी वाढतं. थोडी उष्णता बाहेर जाते हे खरं, पण आतल्या घासणाऱ्या पृष्ठभागावर ती सरासरीपेक्षा खूप जास्त असते. रबरी सील एवढी उष्णता फार वेळ सोसत नाही. ताईंच्या बोटाला लागलेलं काळं तेल तिथूनच आलंय.

आमचा ट्रॅक्टर ऑइल ब्रेकचा, चिखलणीसाठी मुद्दाम घेतला, कारण ड्राय ब्रेकमध्ये चिखलाचं पाणी शिरलं की लायनिंग फुगतं आणि खरवडतं. पण ऑइल ब्रेकवाल्यांनी बेफिकीर राहू नये. तिथं धूर दिसत नाही, वास लवकर येत नाही, तेल उष्णता पोटात घेतं. घासलेल्या लायनिंगचा चुरा त्याच तेलात मिसळतो आणि आमच्या मॉडेलमध्ये हायड्रॉलिकचं तेलही तेच आहे. परवा आमच्याकडं लिफ्ट हळू उचलायला लागली म्हणून गाळणी काढली तर ती काळ्या चुऱ्यानं भरलेली. नंतर लक्षात आलं, नवा मुलगा आठवडाभर ब्रेकच्या पायडलवर पाय ठेवून चिखलणी करत होता. ५० लिटरच्या आसपास तेल बदलावं लागलं.

द्राक्षवेल | रविवार, रात्री ८:३०

दिंडोरीहून. आमच्या बागेत छोटा ट्रॅक्टर आणि मागं ब्लोअर. फवारणीच्या दिवसांत टाकी भरायला, औषध मिसळायला, नोझल बघायला दिवसातून पन्नास वेळा उतरावं लागतं. वर्कशॉप काकांनी सांगितलेला तुटलेला क्रम आमच्याकडं दर दहा मिनिटांनी तुटतो. म्हणून आम्ही बझर बसवलाय. दीड वर्ष झालं, एकदाही ब्रेक राहिला नाही.

दुचाकीच्या मागच्या ब्रेकलाईटला जो स्प्रिंगनं ओढायचा स्विच असतो तो घ्या. तो पायडलला जोडू नका, नाहीतर प्रत्येक ब्रेकला बझर वाजेल आणि चार दिवसांत कुणीतरी वायर तोडेल. तो खटक्याच्या दांडीला जोडा. खटका वर ओढला की स्विच लागला पाहिजे. किल्लीच्या पुढून, म्हणजे किल्ली फिरवल्यावरच करंट येईल तिथून वायर घ्या, मध्ये फ्यूज टाका, आणि १२ व्होल्टचा बझर स्टिअरिंगच्या खाली बसवा. किल्ली चालू आणि खटका वर, तर बझर वाजणार. आमच्याकडं फवारणारे गडी कानात कापूस घालतात, म्हणून सोबत लाल दिवाही लावला.

वायर सायलेन्सरपासून लांब न्या. हे महत्त्वाचं आहे.

लांबचा पाहुणा | रविवार, रात्री ११:५५

मूळचा कोपरगावचा, सध्या अमेरिकेत विस्कॉन्सिनला एका डेअरी फार्मवर काम करतो. इथल्या नव्या ट्रॅक्टरना पुढं-मागं जाण्याच्या दांडीतच पार्कची जागा आहे. पार्क न करता सीटवरून उठलं की ट्रॅक्टर ओरडतो. पण फार्मवरचा जुना, चारा ओढायचा ट्रॅक्टर साध्या हँडब्रेकचा आहे, आणि मागच्या हिवाळ्यात त्याचाच ब्रेक ओढलेला राहिला. इथं थंडीत त्रास वेगळा, ओला ब्रेक ओढून रात्रभर ठेवला की डिस्क गोठून चिकटते, मग सकाळी खटका सोडूनही चाक सुटत नाही. घरच्या ट्रॅक्टरची आठवण आली म्हणून लिहिलं. ताई, मिस्त्रीनं काय सांगितलं ते नक्की लिहा.

पाटावरची | मंगळवार, रात्री ९:१५

मिस्त्री आज आला. सगळं लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात.

चाक आणि फायनल उतरवावं लागलं नाही, ब्रेकचं घर बाजूनं उघडलं. डाव्या डिस्कांचं लायनिंग काचेसारखं चमकत होतं, एका डिस्कला बारीक चिरा होत्या. मधल्या चकत्यांवर निळसर डाग. मिस्त्री म्हणाला लोखंड इतकं तापलं की असा निळा रंग चढतो. स्प्रिंगा ढिल्या झाल्या होत्या. ऑइल सील हातात घेतलं तर प्लास्टिकसारखं कडक, दाबल्यावर मोडलं. उजवीकडच्या डिस्का वापरण्याजोग्या होत्या, पण एका बाजूला नव्या आणि एका बाजूला जुन्या ठेवू नका असं तो म्हणाला, म्हणून दोन्हीकडच्या बदलल्या. सील दोन्ही नवीन. चकत्या घासून, गोळ्या साफ करून परत बसवल्या. क्लचचा खेळ कमी निघाला, तो जुळवला, प्लेट बरी आहे. सगळे मिळून ६,८०० रुपये झाले.

पायडलच्या शाफ्टला ग्रीसचा निपल आहे हे मला माहीतच नव्हतं. मातीनं झाकला होता. ग्रीस मारल्यावर पायडल झटकन वर येतं. पूर्वी ते सावकाश वर यायचं आणि मला वाटायचं की ते तसंच असतं.

मग मोकळ्या रानात, ट्रॉली न जोडता, पट्टी लावून ब्रेक मारून बघितला. दोन्ही मागच्या चाकांच्या मातीतल्या खुणा टेप लावून मोजल्या. पहिल्यांदा डावीची खूण वीतभर जास्त आली. मिस्त्रीनं डावीकडची दांडी थोडी ढिली केली, दुसऱ्यांदा सारख्या.

आता मामंजींचं. ओढ्याकाठ दादा, तुमची पोस्ट मी त्यांना वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत. उठून गोठ्याकडं गेले. आमच्याही ट्रॉलीची जागा गोठ्याच्या भिंतीला लागूनच आहे, मी इतक्या वर्षांत तसा विचार केला नव्हता. संध्याकाळी त्यांनी सुताराकडून बाभळीचे दोन ठोकळे पाचरीसारखे कापून आणले, दोरी बांधून ट्रॉलीला अडकवले. आणि ट्रॉली भरताना भिंतीच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही असं गड्यांना सांगितलं.

हँडब्रेकबद्दल त्यांनी मला एवढंच विचारलं की तो बझर कुठं मिळतो.

ओढ्याकाठ | मंगळवार, रात्री ९:४०

ताई, चुलत्यांना फोनवर वाचून दाखवलं. ठोकळे दोन नको, चार करा म्हणाले. पुढच्या आणि मागच्या दोन्ही बाजूंनी लावायचे.

द्राक्षवेल | मंगळवार, रात्री १०:०५

बझर दुचाकीच्या स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात मिळेल, रिव्हर्सचा हॉर्न म्हणून मागू नका, तो फार मोठा असतो. साधा १२ व्होल्टचा बझर म्हणा. स्विच घेताना जुना घेऊ नका, आतला संपर्क गंजलेला असतो. बसवताना अडलं तर फोटो टाका.

काळी भुई | मंगळवार, रात्री १०:२०

निपलचं वाचून आजच माझा बघितला. तोही मातीखाली होता.

जुना वर्कशॉप | बुधवार, सकाळी ७:००

काम चांगलं झालंय. खुणा मोजून जुळवणारा मिस्त्री सोडू नका.

आता तीन गोष्टी लक्षात ठेवा. नव्या लायनिंगला बसायला वेळ लागतो, पहिले काही दिवस भरलेली ट्रॉली घेऊन मोठ्या उतारावर जाऊ नका. काम करून ब्रेक गरम असेल तेव्हा लगेच खटका घट्ट ओढून ठेवू नका, गरम लायनिंग चिकटतं. सपाटावर गेअर आणि ठोकळ्यांवर उभा करा, थंड झाल्यावर ओढा. उतारावर मात्र गरम असो की गार, ब्रेक ओढायचाच. डिस्क पुन्हा घेता येते.

आणि लायनिंग बसलं की पायडलचा खेळ वाढतो. तासांचं मीटर बघून ठेवा, ५० तासांनी दोन्ही पायडलचा खेळ पुन्हा मोजा आणि सारखा करून घ्या. मोजण्याआधी मागचं एकेक चाक जॅकवर उचलून, गेअर न्यूट्रल ठेवून, हातानं फिरवून बघा. पुढच्या चाकांना ठोकळे आणि एक्सलच्या घराखाली लाकडाचे ओंडके लावल्याशिवाय खाली हात घालू नका, नुसत्या जॅकवर विसंबायचं नाही.

पाटावरची | बुधवार, सकाळी ७:३५

काका, मीटर आज २,९१४ आहे, वहीत लिहून ठेवलं. बझर आणि आणखी दोन ठोकळे शुक्रवारी आष्ट्याच्या बाजारातून आणते. ५० तास झाले की दोन्ही पायडलची मापं इथंच टाकेन.